इंजिन उघडले आणि भांडण मिटले

ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट. दुपारची वेळ. सावित्री खाडीला ओहोटी लागली होती आणि आमच्यापैकी तिघे बोटीवर होते. इंजिनाचा आवाज एकाएकी जड झाला, धूर पांढरा पडला आणि दोन आचके देऊन इंजिन थांबले. हँडल मारून पाहिले, तसूभरही फिरेना. पाणी बोटीला समुद्राकडे ओढत होते. नांगर टाकला, तो चिखलात धरला म्हणून बरे. तासाभराने एक बोट आली, तिला दोर दिला आणि संध्याकाळी काठाला लागलो.

जीव वाचले, जाळेही वाचले. पण ज्या इंजिनाच्या दुरुस्तीचे अठ्ठावीस हजार चारशे रुपयांचे बिल पंधराच दिवसांपूर्वी झाले होते, ते लोखंडाचा गोळा होऊन पडले होते. पुढचे सात आठवडे आमचे मेकॅनिकशी भांडण चालले. बहुतेक वाचकांच्या घरी बोट नसेल. पण रिक्षा असेल, शिलाई मशीन असेल, शेतावरचा पंप असेल. दुरुस्तीला टाकलेली वस्तू पुन्हा बिघडली की "तू नीट केले नाहीस" आणि "तुम्ही नीट वापरले नाही" हे भांडण घरोघरी होतेच. म्हणून आमचा अनुभव, आमच्या चुकांसकट, येथे मांडत आहोत.

चार घरांची बोट

आम्ही म्हणजे मंडणगड तालुक्यातली, खाडीच्या दक्षिण काठावरची चार बौद्ध कुटुंबे. आमचे बापजादे दुसऱ्यांच्या बोटींवर राबले, नाहीतर मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले. स्वतःची बोट कुणाच्या स्वप्नातही नव्हती. आमच्यातले आबा गोदीतून निवृत्त होऊन गावी आले. त्यांच्या फंडातली काही रक्कम, तिघांची शिल्लक आणि घरच्या बायकांनी बचत गटातून काढलेले कर्ज, एवढ्यावर एक जुनी फायबरची बोट घेतली. तिच्यावर दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन. बोट आबांच्या नावावर, पण कष्ट आणि वाटा चौघांचा. दर महिन्याच्या दहा तारखेला गटाचा हप्ता ठरलेला. बोट चालली तर हप्ता बोटीतून जातो, नाही चालली तर मुलांच्या शिक्षणातून जातो, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्यामुळे सगळ्या बोटींची दुरुस्ती याच दोन महिन्यांत निघते. मेकॅनिककडे रांग लागते आणि प्रत्येकाला आपले काम ३१ जुलैच्या आत हवे असते. आम्हालाही हवे होते.

चिठ्ठीवरचे बिल

मे महिन्यातच आमचे इंजिन तापू लागले होते. जून लागताच ते उतरवून तालुक्याच्या मेकॅनिककडे नेले. हा मुलगा आपल्याच समाजाचा. आयटीआय करून, मुंबईच्या गॅरेजात हात काळे करून त्याने स्वतःचे दुकान घातलेले. दुकानात बाबासाहेबांची तसबीर. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा ट्रॅक्टर अडला तर रात्री उठून येणारा. त्याच्याकडे काम देताना आम्हाला अभिमानच वाटला.

"आबा, वीस-बावीस हजारांत करून देतो," तो म्हणाला. आम्ही मान डोलावली. काय काय बदलणार, कोणत्या कंपनीचे सुटे भाग घालणार, किती दिवसांची हमी देणार, यातले काहीच लिहून घेतले नाही. घरच्या माणसाकडून काय लिहून घ्यायचे, असे वाटले. ही आमची पहिली चूक.

२९ जुलैला इंजिन परत आले, सोबत वहीच्या पानावर लिहिलेला हिशेब : रिंगा, बेअरिंग, पॅकिंग, हेड फेसिंग १८००, पंप चेक, मजुरी. एकूण अठ्ठावीस हजार चारशे. सहा हजार वाढले कसे, असे विचारले तर "सामान महाग झाले" एवढेच उत्तर. आम्ही वीस हजार दिले, आठ हजार चारशे बाकी ठेवले. काढलेले जुने भाग मागितले नाहीत. ही दुसरी चूक. १२ ऑगस्टला इंजिन खाडीत जाम झाले.

तू-तू मी-मी

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोटीवर आला. डिपस्टिक ओढून पाहिली तर ऑइल दुधाच्या चहासारखे. तो लगेच म्हणाला, "इंजिनला पाणी मिळालेलं नाही. तुम्ही तसंच पळवलंत. माझ्या कामाचा दोष नाही." आमच्यातला एकजण तापला, "पंधरा दिवसांत असं होतं काय? तू जुनेच भाग घातलेस!" त्यानेही आवाज चढवला, "आधी माझे आठ हजार चारशे टाका, मग बोला."

तरी इंजिन पुन्हा त्याच्याच दुकानात गेले, कारण दुसरा मेकॅनिक हात लावायला तयार होईना. "दुसऱ्याने बांधलेलं इंजिन मी उघडणार नाही, उद्या दोष माझ्यावर येईल," असे त्याचे म्हणणे. दुकानात इंजिन महिनाभर तसेच पडून राहिले. आम्ही मागायला गेलो तर तो म्हणे, बाकी दिल्याशिवाय सोडणार नाही.

इकडे खाडीत मासा लागला होता आणि आमची बोट काठावर पालथी. सप्टेंबरचा हप्ता बचत गटातल्या इतर बायकांनी सांभाळून घेतला. त्या बोलल्या नाहीत, पण आमच्या घरच्या बायकांची मान खाली गेली. इतके वर्षांत त्यांचा एकही हप्ता चुकला नव्हता.

विहारातली बैठक

वर्षावासाचे दिवस होते. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चाले. एका रविवारी वंदनेनंतर हा विषय निघाला. मंडळींत दोन मते पडली. काही वडीलधारे म्हणाले, "समाजाचा पोरगा आहे. आत्ता कुठे उभा राहतोय. कोर्टकचेरी करून त्याचे दुकान बुडवू नका." तरुणांपैकी काहींचे मत उलटे होते, "त्याने आपल्याच माणसांना फसवले. कुणी त्याच्याकडे काम देऊ नका, कार्यक्रमाला बोलावू नका. मग येतो बघा वठणीवर."

आम्ही चिडलेले होतो. हे दुसरे मत ऐकून मनात बरे वाटले, हे कबूल करतो. तेव्हा माई उठल्या. माई म्हणजे आमच्या बचत गटाच्या अध्यक्षा. त्या म्हणाल्या, "बहिष्कार हा शब्द आपल्या तोंडात शोभतो का?"

सगळे गप्प झाले. ज्या खाडीत आमची बोट बंद पडली, त्याच खाडीने बाबासाहेब आले होते. २४ डिसेंबर १९२७ रोजी ते सत्याग्रही मंडळींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले, दुसऱ्या दिवशी दासगाव बंदराला उतरले आणि तेथून महाडला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर गावोगावी आपल्या माणसांची कामे बंद केली गेली, वाटा अडवल्या गेल्या. बाबासाहेबांनी त्याच साली काढलेल्या पत्राचे नावच 'बहिष्कृत भारत' होते. ज्या शस्त्राने आपल्याला मारले ते आपण आपल्याच पोरावर चालवायचे? शिवाय सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्यासाठी २०१६ साली खास कायदा झाला आणि तो २०१७ पासून लागू आहे.

मग पहिल्यांचे म्हणणे खरे, सोडून द्यायचे? माईंनी तेही मान्य केले नाही. "समाजाचा म्हणून सोडला तर उद्या तो दुसऱ्या कुणाचे इंजिन असेच बांधेल. आणि आपला हप्ता समाज भरणार आहे काय? त्याने काय चुकवले ते शोधा. तुम्ही काय चुकवले तेही शोधा. जे निघेल ते कागदावर लिहा."

त्या रात्री बोटीवरच्या तिघांपैकी एकाने घरी येऊन सांगितले, "आबा, एक बोलायचं राहिलं. त्या दिवशी सकाळपासून बाजूच्या नळीतून पाणी बारीक पडत होतं. मी बघितलं. पण भरती गाठायची होती म्हणून थांबलो नाही." दर रविवारी आम्ही खोटे न बोलण्याचे शील घेतो. खोटे बोललो नव्हतो, पण खरे दडवले होते. मेकॅनिकसमोर हे बोलायचे असे त्याच रात्री ठरले.

कायदा आपल्याला ओळखतो

आबा रत्नागिरीला जाऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करून आले. तेथे जे कळले ते वाचकांनी कात्रण काढून ठेवावे असे आहे.

पहिली गोष्ट, वकिलाचा खर्च. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत कायदेशीर मदत मिळते. अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, त्यामुळे हा हक्क आपलाही आहे. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

दुसरी गोष्ट, ग्राहक कोण? आम्हाला वाटे की ग्राहक म्हणजे साबण आणि टीव्ही विकत घेणारा. धंद्याच्या बोटीला ग्राहक कायदा कुठला? पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २०२० पासून लागू झाला, त्यात स्पष्ट लिहिले आहे की जो माणूस केवळ आपल्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेऊन वापरतो, तोही ग्राहकच. नफ्यासाठी मोठा व्यापार करणारा वेगळा आणि स्वतः रिक्षा चालवून किंवा घरी मशीनवर कपडे शिवून पोट भरणारा वेगळा. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे, आणि तिच्यात कसूर राहिली तर त्याला कायद्यात सेवेतील त्रुटी म्हणतात.

तिसरी गोष्ट, तक्रार कुठे करायची? जिल्हा ग्राहक आयोगात. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार तेथे चालते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. आपण जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. २०२५ पासून 'ई-जागृती' या संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल करता येते. नुसता सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. देशातल्या पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती २४ डिसेंबर १९८६ रोजी, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानतात. 'पद्मावती' मुंबईहून निघाली तीच तारीख.

चौथी गोष्ट मेकॅनिकच्या बाजूची, आणि तीही खरी आहे. "बाकी दिल्याशिवाय इंजिन सोडणार नाही" असे तो म्हणाला तेव्हा ती आम्हाला दादागिरी वाटली होती. पण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्याने एखाद्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे कसबाचे काम केले, त्याला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क आहे. मात्र काम ठरल्याप्रमाणे झालेले असले पाहिजे. आणि वस्तू त्याच्याकडे असेपर्यंत ती नीट सांभाळण्याची जबाबदारीही त्याचीच. अडचणीत वस्तू सोडवून आणायचीच असेल तर पैसे देताना पावतीवर "तक्रार राखून रक्कम दिली" असे लिहावे, म्हणजे पैसे दिले म्हणून काम मान्य केले असा अर्थ कुणी काढणार नाही.

आम्ही मेकॅनिकला साध्या मराठीत पत्र लिहिले. इंजिन कधी दिले, किती पैसे दिले, कधी बंद पडले, ऑइलचा रंग कसा होता, आणि सकाळपासून पाणी बारीक पडत होते हेसुद्धा. शेवटी लिहिले, "पंधरा दिवसांत दोघांच्या समक्ष, दोघांना मान्य अशा तिसऱ्या माणसाकडून इंजिन उघडून पाहू. न झाल्यास ग्राहक आयोगात जावे लागेल." पत्राची प्रत ठेवली, पत्र स्पीड पोस्टाने पाठवले आणि पोच जपून ठेवली. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज मऊ होता. म्हणाला, "आबा, पाण्याचं तुम्ही स्वतः लिहिलंत. आता मीही उघडायला तयार आहे."

झाकण उघडले

तिसरा माणूस कोण? समाजातला नको, नात्यातला नको, धंद्यातला स्पर्धकही नको. बाणकोटच्या बाजूचे एक वयस्कर चाचा दोघांनाही पसंत पडले. जहाजांच्या इंजिनखोलीत उमर काढलेले. सातशे रुपये आणि येण्याजाण्याचे भाडे ठरले, निम्मे-निम्मे.

चाचांनी आधी कुणाला बोलूच दिले नाही. म्हणाले, "इंजिन झूठ बोलत नाही. त्याला बोलू द्या." प्रत्येक नट सैल करण्याआधी फोटो काढायला लावला. मग एकेक गोष्ट समजावून सांगितली.

अशा इंजिनात पंप खाडीचे पाणी आत ओढतो, ते इंजिनाच्या अंगातून फिरते आणि नळीतून बाहेर पडते. पाणी अडले की इंजिन तापते. फार तापले की वरचे हेड केसभर वाकते. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये जे गॅस्केट बसते, ज्याला आम्ही पॅकिंग म्हणतो, ते वाकलेल्या जागी दबत नाही, जळते. मग पाणी ऑइलमध्ये उतरते, ऑइल दुधाळ होते, त्याचा चिकटपणा जातो, बेअरिंग कोरडे पडते आणि इंजिन जाम होते. म्हणून एकदा तापलेल्या इंजिनाचे नुसते पॅकिंग बदलून भागत नाही. हेड सपाट आहे की नाही ते तपासावे लागते, नसेल तर कारखान्यात मशीनवर फेसिंग करून घ्यावे लागते. नटही एका दमात आवळायचे नसतात. मधून कडेकडे, क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने.

चाचांनी हेड उलटे ठेवले, त्यावर पोलादी सरळ पट्टी धरली आणि खालून फिलर गेजचे पाते सरकवले. पाव मिलिमीटरचे पाते आरपार गेले. हेडवर मशीन फिरल्याची ताजी रेघ कुठेच नव्हती. चाचांनी बिलाच्या चिठ्ठीवर बोट ठेवले, "फेसिंग १८००. हे कुठे आहे, बेटा?"

मेकॅनिकची मान खाली गेली. थोड्या वेळाने तो बोलला. फेसिंगचे काम जिथे होते तिथवर जाणारा रस्ता त्या जुलैच्या पावसात बंद होता. इकडे आम्ही रोज फोन करत होतो, ३१ तारखेच्या आत पाहिजे म्हणून. त्याने काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेड हातानेच घासले. "मला वाटलं, चालेल. बिलात लिहायला नको होतं," तो म्हणाला. रिंगा आणि बेअरिंग मात्र त्याने खरोखर नवे घातले होते. जुने भाग घातल्याचा आमचा आरोप खोटा ठरला.

मग चाचांनी पाण्याच्या बाजूला हात घातला. आत येणाऱ्या तोंडाची जाळी चिखलाने आणि प्लास्टिकच्या पिशवीच्या चिंध्यांनी अर्धी बुजलेली. पंपातल्या रबरी चक्राची दोन पाती तुटलेली. जाळी साफ करणे आमचे काम. बंदीनंतर पाण्यात उतरण्यापूर्वी आम्ही ती पाहिलीच नव्हती. आता मान खाली घालायची पाळी आमची होती.

चाचांनी निवाडा दिला नाही. एवढेच म्हणाले, "हेड सपाट असतं तर जाळी बुजूनही कदाचित आवाज ऐकून थांबायला वेळ मिळाला असता. जाळी साफ असती तर वाकडं हेड आणखी महिनाभर चाललं असतं. हिशेब तुम्ही करा."

कागदावर समझोता

हिशेब विहाराच्या ओट्यावर बसून केला, माई लिहायला. पंचायत बसवली नाही, दंड नाही, माफीनामा नाही. दोन बाजू आणि एक कागद. फेसिंगचे पैसे बिलात आलेच होते, तेव्हा ते काम आता खरोखर मशीनवर करून आणायचे, वेगळा आकार नाही. पॅकिंग, ऑइल आणि दुसऱ्या वेळची सगळी मजुरी त्याची. रबरी चक्र आणि नवी जाळी आमची. जळालेल्या बेअरिंगचा नवा संच बेचाळीसशे रुपयांना पडणार, तो आम्ही आणायचा आणि त्यातले निम्मे, म्हणजे एकवीसशे, आमच्या बाकीतून वजा करायचे. उरले सहा हजार तीनशे. त्यातले तीन हजार इंजिन चालू झाल्यावर, उरलेले तीन हजार तीनशे पंधरा दिवस नीट चालल्यावर. कामाची तीन महिने हमी. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बोट पाण्यात गेली. पंधरा दिवसांनी आम्ही ठरलेले पैसे त्याच्या दुकानात नेऊन दिले. त्याने छापील पावती दिली, तोवर तो पावतीपुस्तक छापून आणून बसला होता! आता त्याच्या दुकानात काम घेतानाच अंदाजपत्रक लिहून देतात आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत करतात.

गेलेले सात आठवडे काही परत आले नाहीत. हंगामाची सुरुवात हातची गेली, गटाचे उसने फेडायला डिसेंबर उजाडला. आम्ही आयोगात गेलो असतो तर नुकसानभरपाईही मागता आली असती, असे काहीजण म्हणतात. खरे आहे. त्याने उघडून पाहायला नकार दिला असता तर आम्ही गेलोच असतो, आणि तसे जाण्यात समाजद्रोह नाही. पण आमचाही दोष निघाला होता. तो लपवून भरपाई मागणे आमच्या मनाला पटले नाही.

आपल्या घरासाठी

रिक्षा, पंप, मशीन, फ्रिज, काहीही दुरुस्तीला देताना एवढे करा :

काम देण्यापूर्वी काय करणार, कोणते भाग घालणार, किती खर्च आणि किती दिवस, हे लिहून घ्या. खर्च वाढणार असेल तर आधी विचारावे, असेही त्यात लिहा. ओळखीच्या माणसाकडून तर नक्की लिहून घ्या, कारण ओळख टिकवायची असते.

काढलेले जुने भाग परत मागा. बिलावर तारीख, सही आणि हमीचा कालावधी घ्या.

लवकर पाहिजे म्हणून घाई लावू नका. घाईत काम चुकते आणि त्याचा पैसा शेवटी आपल्याच खिशातून जातो.

वस्तू पुन्हा बिघडली तर तशीच चालवू नका, स्वतः उघडूही नका. फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, त्याच दिवशी कळवा.

आपली चूक असेल तर आपणच आधी सांगा. त्याने बाजू कमजोर होत नाही. आमच्या पत्रातल्या त्या एका ओळीनेच दुकानाचे दार उघडले.

बोलून होत नसेल तर पत्र लिहा, पोच ठेवा. पत्राने होत नसेल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोग आहे. गट करून कुणाचे काम बंद पाडू नका.

आपल्या घरातली मुले आता मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, टेलर म्हणून दुकाने घालत आहेत. ही दुकाने टिकली पाहिजेत. ती टिकतील ती समाजाच्या दयेवर नव्हे, चोख कामावर. आणि त्यांच्याकडे काम नेणाऱ्या आपल्या मायबहिणींचा कष्टाचा रुपयाही टिकला पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवले. हक्काची मागणी कागदावर आणि खऱ्या शब्दांत कशी करायची, हे आम्ही एका बंद पडलेल्या इंजिनाकडून शिकलो. आता रोज सकाळी बोट सुटण्यापूर्वी आम्ही दोन गोष्टी पाहतो : जाळी साफ आहे ना, आणि नळीतून पाणी भरघोस पडते ना. बारीक पडत असेल तर भरती जाऊ देतो, पण थांबतो.

जय भीम.